मॅडम, एवढ्या पानांची झेरॉक्स मिळेल का?

२००६ साली मी या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून रुजू झाले. देवघेवीच्या टेबलामागे मी लावलेली पहिली पाटी अशी होती : ‘पुस्तकाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पानांची झेरॉक्स मिळणार नाही. हुकुमावरून.’ हुकूम कुणाचा, असं त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. एका उजळणी वर्गात हा आकडा कानावर पडला होता. तोच मी कायदा समजून भिंतीवर चढवला.

एम.ए. इतिहासाची एक मुलगी तेव्हा एसटीने बावीस किलोमीटरवरून यायची. तिला एका संदर्भग्रंथातलं ४६ पानांचं प्रकरण हवं होतं. पुस्तक ३१० पानांचं, संदर्भ विभागातलं, घरी न देण्याचं. मी मोजून ३१ पानं दिली. उरलेली पंधरा पानं ती वाचनकक्षात बसून वहीत उतरवत राहिली. तिची पाचची गाडी चुकली. मी समोरच बसले होते, आणि आपण नियम पाळला असं मला वाटत होतं.

काही वर्षांनी कॉपीराइट कायदा, म्हणजे १९५७चा अधिनियम, मूळातून वाचला तेव्हा त्यात ही दहा टक्क्यांची अट कुठेच सापडली नाही. दुसरी गोष्ट त्याहून बोचली. हाताने उतरवा नाहीतर यंत्राने, कायद्याच्या लेखी ती प्रत काढणंच आहे. पंधरा पानं वहीत उतरवलेली चालत असतील, तर ज्या कलमामुळे ती चालतात त्याच कलमाने झेरॉक्सही चालते. त्या मुलीची संध्याकाळ मी विनाकारण घालवली होती.

नव्याने रुजू झालेल्या ग्रंथपालांसाठी हे लिहिते आहे. कलम ६३ वाचून भीती वाटते हे मला ठाऊक आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, असे आकडे डोळ्यांसमोर आले की ‘नाही’ म्हणणं सोपं वाटतं. पण कलम ५२ मध्ये कायद्यानेच आपल्याला बरीच मोकळीक दिलेली आहे. ती नेमकी कुठे आहे ते माहीत हवं. मागणी आली की मी कोणत्या क्रमाने विचार करते, तो क्रम सांगते.

सगळ्यात आधी पुस्तकाचं वय नाही, लेखकाच्या मृत्यूचं साल बघा. भारतात कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. ही साठ वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. सोपा हिशेब असा : मृत्यूच्या सालात ६१ मिळवा, येणाऱ्या सालाच्या १ जानेवारीला साहित्य खुलं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ पासून त्यांचं लेखन खुलं. बा. सी. मर्ढेकर १९५६ साली गेले, म्हणून २०१७ पासून. वि. स. खांडेकरांचा मृत्यू १९७६चा, त्यामुळे २०३६ संपेपर्यंत थांबावं लागेल. कुसुमाग्रज १९९९ साली गेले आणि पु. ल. २००० साली, म्हणजे त्यांच्या बाबतीत अनुक्रमे २०५९ आणि २०६० संपेपर्यंत. आधी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोरांचं साहित्य खुलं होण्याची वेळ आली तेव्हा १९९२च्या दुरुस्तीने ती साठ केली. म्हणून जुन्या टिपणांत पन्नास लिहिलेलं दिसलं तर त्यावर विसंबू नका.

तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या नोंदसूचीत, लेखकाच्या नावापुढे जन्ममृत्यूची सालं लिहायची जुनी शिस्त आहे. संगणकीकरण करताना आमच्याकडे ती बहुतेक नोंदींतून गळली होती. मी आणि आमचे ग्रंथालय परिचर मामा, दोघांनी मिळून दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत मराठी विभागातल्या लेखकांची सालं पुन्हा भरली. हे काम तुम्हीही करा. एकदा झालं की टेबलावर उत्तर द्यायला अर्धा मिनिट पुरतो.

या हिशेबात फसगत होण्याच्या जागा आहेत. अनुवादाचा कॉपीराइट मूळ लेखनापासून वेगळा असतो. मूळ लेखक शंभर वर्षांपूर्वी गेलेला असला तरी अनुवादकाचं साल वेगळं पाहावं लागतं. प्रस्तावना, टिपा, चित्रं यांचंही तसंच. टोपणनावाने छापलेल्या आणि लेखक कोण ते उघड न झालेल्या पुस्तकाची साठ वर्षं प्रकाशनापासून धरायची. सरकारी प्रकाशनांचंही तसंच. शासनाने छापलेलं ते सगळं फुकट आणि खुलं, हा समज मी प्राध्यापकांकडूनही ऐकला आहे, तो चुकीचा आहे. राजपत्रातला मजकूर, विधिमंडळापुढे मांडलेले समित्यांचे अहवाल आणि न्यायनिवाडे यांना कायद्याने वेगळी सूट आहे, ती जरूर वापरा.

सगळ्यात नाजूक जागा मरणोत्तर प्रकाशनाची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं महापरिनिर्वाण १९५६ सालचं. त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तकं २०१७ पासून खुली आहेत. पण ‘रिडल्स इन हिंदुइझम’ पहिल्यांदा छापून आलं ते १९८७ साली, महाराष्ट्र शासनाच्या खंडांमधून. मरणोत्तर प्रकाशित साहित्याची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणून त्या ग्रंथाची मुदत २०४७ संपेपर्यंत जाते. एकाच लेखकाच्या दोन पुस्तकांना दोन उत्तरं. आमच्याकडे बाबासाहेबांवर काम करणारी मुलं दर वर्षी येतात, म्हणून ही टीप मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूलाच चिकटवून ठेवली आहे.

पुस्तक मुदतीत असेल, तर मागणारा कोण आणि त्याला ते कशासाठी हवं आहे, हे बघायचं. एकटा विद्यार्थी किंवा संशोधक स्वतःच्या अभ्यासासाठी प्रत मागत असेल, तर कलम ५२(१)(ए) लागू होतं. खासगी वापर आणि त्यातच संशोधन, टीका किंवा समीक्षा, आणि चालू घडामोडींचं वृत्तांकन, या तीन कारणांसाठी केलेला रास्त वापर हा कॉपीराइटचा भंग ठरत नाही. याला आपल्या कायद्यात ‘फेअर डीलिंग’ म्हणतात. ‘फेअर यूज’ हा शब्द अमेरिकेचा. त्यांच्या कलम १०७ मध्ये चार कसोट्या आहेत आणि कारणांची यादी उघडी आहे. आपली यादी बंद आहे, या तिनांत बसलं तरच. म्हणून परदेशी विद्यापीठांच्या ग्रंथालयांची पत्रकं जशीच्या तशी भाषांतर करून लावू नका. दहा टक्के किंवा एक प्रकरण असले आकडे बहुतेक अशाच पत्रकांतून आपल्याकडे आले आहेत.

मग ‘रास्त’ किती? आकडा नाही, पण दिशा आहे. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ साली सिव्हिक चंद्रन यांच्या नाटकाच्या खटल्यात तीन गोष्टी पाहिल्या : किती आणि किती महत्त्वाचा भाग घेतला, कशासाठी घेतला, आणि त्यामुळे मूळ कृतीशी स्पर्धा होईल का. मी टेबलावर हेच माझ्या भाषेत विचारते. काय शिकतोस? यातलं नेमकं काय हवंय? पुस्तक बाजारात मिळतंय का? ४६ पानांचं एक प्रकरण, एक प्रत, स्वतःच्या प्रबंधासाठी, असं असेल तर मी आता एका मिनिटात देते. दुकानात २५० रुपयांना मिळणारं पाठ्यपुस्तक मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत मागितलं तर देत नाही, आणि का देत नाही तेही सांगते. त्या विद्यार्थ्याकडे पैसे नसतील तर उपाय झेरॉक्सचा नाही, बुक बँकेचा आहे. त्याच्या नावाने संच काढून ठेवायचा, आणि कमी पडत असेल तर पुढच्या खरेदीत दोन प्रती वाढवायच्या. हे आपल्या हातात असतं.

आता मुलं मोबाइलवर फोटो काढतात. काही ग्रंथालयांत त्यासाठी मोबाइल बाहेर ठेवायला लावतात. शांततेसाठी असेल तर ठीक, कॉपीराइटसाठी असेल तर कारण चुकीचं आहे. साधन कोणतंही असो, मोजमाप एकच. झेरॉक्स असो की फोटो, मी एक सवय लावली आहे : मुखपृष्ठाच्या आतलं शीर्षकपान आणि त्याच्या मागचं प्रकाशनाचं पान आधी घ्यायचं, मग प्रकरण. लेखकाचं नाव त्याच्या मजकुरापासून तुटू नये हा त्याचा हक्क कलम ५७ने जपला आहे, आणि संदर्भसूची लिहिताना त्या मुलांनाच ते पान लागतं.

प्राध्यापक वर्गासाठी मागतात तेव्हा कलम बदलतं, आणि इथे आपले बहुतेक सहकारी गरजेपेक्षा जास्त घाबरतात. ५२(१)(आय) सांगतं की शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत भंग नाही, प्रश्नपत्रिकेत किंवा उत्तरात घेतलेला मजकूरही भंग नाही. यात ‘रास्त’ हा शब्दसुद्धा नाही. ‘शिकवण्याच्या ओघात’ म्हणजे किती, हे ठरलं ते दिल्लीत. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातलं रामेश्वरी फोटोकॉपी हे छोटं दुकान अभ्यासक्रमातल्या वाचनाच्या प्रकरणांचे संच झेरॉक्स करून देत असे, पानाला ४० पैसे दराने. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी त्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला. कॉपीराइट हा दैवी किंवा नैसर्गिक हक्क नाही, असं त्यांनी लिहिलं. आणि आपल्या विद्यार्थिदशेत मुलं ग्रंथालयात बसून पानंच्या पानं हाताने कशी उतरवत, तेही लिहिलं. जे हाताने केलं तर गुन्हा नाही, ते यंत्राने केल्यामुळे गुन्हा होत नाही. हा परिच्छेद वाचताना वाचनकक्षातली ती पंधरा पानं माझ्या डोळ्यांसमोर होती.

त्याच वर्षी ९ डिसेंबरला त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने शिकवणं म्हणजे फक्त तासातलं व्याख्यान नव्हे, आणि पानांची टक्केवारी हा निकष नव्हे, हे मान्य केलं. पण घेतलेला मजकूर त्या अभ्यासक्रमासाठी खरोखर गरजेचा आहे का हे तपासावं, असंही म्हटलं. पुढे २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला आणि एका दुसऱ्या संस्थेने दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयानेही फेटाळलं. खंडपीठाचा तो ‘गरजेचा’ शब्द आपण गाठीला बांधायचा. माझी पद्धत अशी : शिक्षकाने अभ्यासक्रमाचं नाव, सत्र, प्रकरणांची यादी आणि पानं लिहून सही करून द्यायची. यादी अभ्यासक्रमाशी पडताळायची. संच त्या वर्गातल्या मुलांपुरतेच काढायचे, छपाईच्या खर्चापेक्षा एक पैसाही वर घ्यायचा नाही, आणि उरलेले संच दुकानात विकायला ठेवू द्यायचे नाहीत. आवारातल्या झेरॉक्सवाल्याशी करार करताना दर, ग्रंथालयाच्या चिठ्ठीची अट आणि साठा न करण्याची अट लेखी घाला. तोंडी सांगितलेलं दोन सत्रांत विसरलं जातं.

तेच संच गुगल क्लासरूममध्ये, त्या वर्गापुरते, टाकणं मला त्याच तर्कात बसतं असं वाटतं. कॉलेजच्या संकेतस्थळावर, जगाला उघडे, अजिबात नाही. एकदा कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या ‘नॅक’च्या तयारीच्या गडबडीत आमच्या एका विभागाने अख्खं क्रमिक पुस्तक स्कॅन करून संकेतस्थळावर चढवलं. प्रकाशकाचं पत्र आलं तेव्हा ते मला पहिल्यांदा कळलं. त्याच दुपारी काढायला लावलं, दिलगिरीचं पत्र प्राचार्यांच्या सहीने पाठवलं आणि प्रकरण तिथेच मिटलं. तेव्हापासून संकेतस्थळावर जाणारी प्रत्येक पीडीएफ आधी माझ्याकडे येते. हा अधिकार तुम्हीही मागून घ्या.

आता मोडकळीला आलेली पुस्तकं. पानाला हात लावला की तुकडा हातात येतो अशी दीडशेक पुस्तकं आमच्याकडे आहेत. ५२(१)(ओ) प्रमाणे भारतात विक्रीला उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती ग्रंथालयाच्या वापरासाठी काढता येतात, आणि २०१२च्या दुरुस्तीने आलेल्या (एन) प्रमाणे, छापील प्रत जवळ असेल तर जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते. पण दोन्हीकडे शब्द आहेत ‘बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालय’, आणि त्याची व्याख्या कायद्यात दिलेली नाही. कॉलेजचं ग्रंथालय त्यात बसतं का, यावर मी सावध राहते. आमच्याकडे गावातल्या वाचकांना अनामत भरून सभासद होता येतं, तसा ठराव आहे, त्यामुळे माझी बाजू थोडी भक्कम आहे. तुमच्याकडे तसा ठराव नसेल तर आधी तो करून घ्या, गावालाही उपयोग होईल. प्रत काढण्यापूर्वी प्रकाशकाला पत्र आणि दोन विक्रेत्यांकडे चौकशी, त्यांची उत्तरं फाइलला. मुदत संपलेल्या पुस्तकांना यातलं काहीच लागत नाही, म्हणून स्कॅनिंगची सुरुवात त्यांच्यापासून करा.

हस्तलिखितं, जुनी पत्रं, दप्तरं तुमच्याकडे असतील तर ५२(१)चा (पी) खंड वाचा. लेखक माहीत असेल आणि त्याला जाऊन साठ वर्षं उलटली असतील, किंवा लेखक कोण हेच माहीत नसेल, तर संशोधकाला प्रत देता येते.

ज्या खंडाबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळ आहे, तो शेवटाकडे आहे आणि फारसा कुणी वाचत नाही : ५२(१)(झेडबी). अंध किंवा अपंगत्वामुळे छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या माणसासाठी कोणतंही पुस्तक, संपूर्ण, त्याला वाचता येईल अशा रूपात आणता येतं. परवानगी लागत नाही. टक्केवारी नाही. आणि इथे व्याख्येचा घोळही नाही, शासनमान्य शिक्षणसंस्था आणि ग्रंथालयं यांचा उल्लेख कायद्यातच आहे. अटी दोन : नफा घ्यायचा नाही, फक्त खर्च घेता येतो, आणि ती प्रत त्या वाचकांपुरतीच राहील, बाजारात जाणार नाही याची काळजी घ्यायची. भारताने ही दुरुस्ती २०१२ मध्ये केली आणि अंधांसाठीच्या मराकेश कराराला मान्यता देणारा जगातला पहिला देश २०१४ साली भारतच ठरला.

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला एक पूर्ण अंध मुलगा आमच्याकडे आला. त्याची बहीण रोज रात्री त्याला पुस्तक वाचून दाखवायची, तिचा स्वतःचा बारावीचा अभ्यास बाजूला ठेवून. आम्ही त्याची सहा पाठ्यपुस्तकं स्कॅन केली आणि ओसीआरमधून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या यंत्रणेतून, मजकूर काढला. मराठीचं ओसीआर चुका करतं. ‘ध’चा ‘घ’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, ‘ऱ्या’ तर बहुतेक वेळा बिघडतो. म्हणून एनएसएसच्या मुलांना प्रत्येकी वीस पानं वाटून दिली, मूळ पुस्तकाशी ताडून दुरुस्त करायला. तीन आठवड्यांत सहाही पुस्तकं त्याच्या फोनमधल्या वाचकयंत्रावर बोलू लागली. तुम्ही हे करणार असाल तर दोन गोष्टी सांगते. आधी सुगम्य पुस्तकालयात, म्हणजे अशा वाचकांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात, शोधा, कुणीतरी ते पुस्तक आधीच तयार केलेलं असू शकतं. आणि तक्ते, नकाशे सोडून देऊ नका, विषय जाणणाऱ्या शिक्षकाकडून त्यांचं चार ओळींत वर्णन लिहून घ्या. परीक्षेत नेमका तोच तक्ता येतो. प्रमाणपत्राची प्रत, पुस्तकाचं नाव आणि दिल्याची तारीख यांची वेगळी नोंदवही ठेवा.

ई-नियतकालिकांबद्दल थोडंच. कॉलेजांना ई-नियतकालिकं पुरवणारी एन-लिस्ट योजना असो किंवा जानेवारी २०२५ पासून सुरू झालेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ असो, तिथे कायद्याच्या आधी परवान्याच्या अटी वाचाव्या लागतात. लेख डाउनलोड करून घेणं चालतं. अख्खा अंकच्या अंक एका बैठकीत डाउनलोड केला की प्रकाशकाची यंत्रणा साऱ्या आवाराची जोडणी बंद करू शकते, मग शंभर जणांचं काम अडतं. पासवर्ड व्हॉट्सअॅपवर फिरवू नये, हे दर वर्षी नव्या मुलांना समोर बसवून सांगा.

आणि पीएचडीच्या मुलांना एक फरक समजावून द्या. वाङ्मयचौर्य आणि कॉपीराइटभंग या दोन वेगळ्या गोष्टी. साने गुरुजींचा परिच्छेद नाव न घेता घातला तर कॉपीराइट भंगत नाही, चौर्य होतंच. उलट नाव देऊन हयात लेखकाचं अख्खं प्रकरण आपल्या पुस्तकात छापलं तर चौर्य नाही, पण भंग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमांतली दहा टक्के साम्याची मर्यादा चौर्याच्या तपासणीची आहे. झेरॉक्सशी तिचा संबंध नाही, तरीही टेबलावर येऊन ती मला सुनावणारे भेटतात.

यातलं काहीच लागू होत नसेल तेव्हा परवानगी मागायची. पत्रात पुस्तक, आवृत्ती, पानं, किती प्रती, कुणासाठी आणि किती काळासाठी, एवढं लिहा. प्रकाशकाबरोबर लेखकाच्या वारसांनाही लिहा, कारण जुन्या मराठी पुस्तकांचे हक्क कितीदा घरच्यांकडेच असतात. ते फोन करून आनंदाने हो म्हणतात. त्यांना विनंती करून दोन ओळी लिहून घ्या.

आमच्या टेबलामागची पाटी आता अशी आहे : ‘स्वतःच्या अभ्यासासाठी प्रत हवी असल्यास विचारा. दृष्टिहीन वाचकांना संपूर्ण पुस्तक मिळेल.’ खाली नोंदवही. तारीख, नाव, पुस्तकाचा दाखल क्रमांक, पानं, कारण, सही, असे सहा रकाने. आणि नोंदवहीच्या शेवटच्या पानावर येत्या वर्षांत खुल्या होणाऱ्या लेखकांची यादी आहे. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी १९६६ साली गेले, म्हणजे १ जानेवारी २०२७. त्यांच्या हयातीत छापलेल्या इंग्रजी पुस्तकांच्या आमच्याकडे चार जुन्या प्रती आहेत. त्यातल्या दोन प्रतींची बांधणी सुटली आहे, त्या आधी. मराठी अनुवादांना हात लावायचा नाही, अनुवादकांची सालं अजून पाहायची आहेत.